वायफाय आयआर अडॅप्टर, आठेक महिन्यांनंतर: सगळं त्या एका पॉवर बटणावर अडतं

फोनच्या ॲपमधला हुकूम वायफायवरून घ्यायचा आणि रिमोटसारखा इन्फ्रारेड (आयआर, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) टाकून टीव्ही वगैरे चालवायचा, हे या अडॅप्टरचं काम. कस्टमर केअरकडून परवा परत तेच उत्तर आलं: अडॅप्टर रिसेट करा, ॲप काढून पुन्हा टाका. रिसेट केलं की मी एकेक करून शिकवलेली सगळी बटणं पुसली जातात, हे त्यांना आधीच्या प्रत्येक मेलमध्ये लिहून झालंय. आणि बटणं चालत नाहीत अशी माझी तक्रारच नाही. आवाज, चॅनेल, मेनू, सगळं व्यवस्थित चालतं. तक्रार फक्त पॉवरच्या बटणाची आहे. इतके महिने वापरल्यावर माझं ठाम मत झालंय की ही वस्तू घरात टिकणार की खणात जाणार, हे त्या एका बटणावरच ठरतं.

बाकीचं पटकन सांगतो. 2.4 गिगाहर्ट्झचंच वायफाय लागतं. राउटर दोन्ही बँड एकाच नावाने दाखवत असेल तर पहिली जोडणी डोकं खाते. 5 गिगाहर्ट्झ तेवढ्यापुरतं बंद केलं की होते. प्लास्टिक बरं आहे, गरम होत नाही, जुन्या मोबाइल चार्जरवर चालतो. आता मुद्द्यावर येतो.

मी ‘हॉल’ नावाचा सीन लावला होता: टीव्ही चालू, ॲम्प्लिफायर चालू, ॲम्प्लिफायरचं इनपुट टीव्हीवर. एका टॅपमध्ये तिन्ही कामं. आई आधीच मालिका बघत बसलेली असते, तिला आवाज मोठ्या स्पीकरवर हवा असतो. मी सीन दाबतो. ॲम्प्लिफायर चालू होतो आणि टीव्ही बंद. “अरे, परत घालवलास!” मग टीव्ही पुन्हा चालू व्हायची वाट बघायची, तोवर मालिकेतला तो प्रसंग संपलेला.

हे का होतं? टीव्हीच्या रिमोटवर पॉवरचं बटण एकच असतं आणि त्याचा अर्थ ‘चालू हो’ असा नसून ‘आहेस त्याच्या उलट हो’ असा असतो. हातात रिमोट घेऊन समोर बसलेल्या माणसाला त्याचा त्रास नाही, कारण टीव्ही चालू आहे की बंद ते त्याला दिसतं. अडॅप्टरला दिसत नाही. इन्फ्रारेड एकाच दिशेने जातं. बहुतेक रिमोट साधारण 38 किलोहर्ट्झवर लुकलुकणारा प्रकाश पाठवतात. बऱ्याच कंपन्या वापरतात त्या एनईसी पद्धतीत आधी 9 मिलिसेकंदांची लांब खूण, मग 4.5 मिलिसेकंद शांतता आणि मग 32 बिट. यात उपकरणाचा पत्ता असतो, बटणाचा क्रमांक असतो, चूक पकडता यावी म्हणून दोन्हींची उलटी प्रत असते. इतका काटेकोर निरोप, पण तो पोचला का, टीव्हीने काय केलं, याचं उत्तर परत यायची सोयच नाही. ॲपमध्ये टीव्हीच्या चित्राशेजारी हिरवा ठिपका दिसतो. अडॅप्टरने शेवटचं काय पाठवलं, एवढंच तो सांगतो. घरातल्या कोणी मूळ रिमोटने टीव्ही बंद केला, तरी ठिपका हिरवाच.

राग येतो तो जाहिरातीचा. ‘एका टॅपवर पूर्ण होम थिएटर’ असं पेटीवर छापायचं आणि पॉवर बटण उलटसुलट वागतं हे मॅन्युअलमध्ये कुठेही लिहायचं नाही. कस्टमर केअरला विचारलं तर त्यांच्यातल्या एकालाही हा प्रश्न कळल्याचं दिसलं नाही. एकाने तर सुचवलं की वीज मोजणारा स्मार्ट प्लग घ्या, टीव्ही वीज खेचतोय की नाही त्यावरून कळेल. म्हणजे यांच्या वस्तूतली उणीव भरायला मी आणखी एक वस्तू विकत घ्यायची. घेतली नाही.

माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या रिमोटवर ‘ऑन’ आणि ‘स्टँडबाय’ अशी दोन वेगळी बटणं आहेत. ती दोन्ही अडॅप्टरला शिकवली आणि ॲम्प्लिफायरचा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटला. चालू असताना ‘ऑन’ कितीही वेळा पाठवा, तो जागचा हलत नाही. नवीन रिमोट सडपातळ करायच्या नादात हे दुसरं बटण काढून टाकलं गेलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. इथवर लिहून मी पाचपैकी दोन तारे द्यायचं ठरवलं होतं.

पुढची भर. दोनाचे चार करतोय, पण ते अडॅप्टरच्या कंपनीमुळे नाही.

माझा टीव्ही सोनीचा आहे. सोनीची इन्फ्रारेड पद्धत वेगळी, 40 किलोहर्ट्झवर चालणारी. तिच्या 12 बिटांच्या प्रकारात बटणाचा क्रमांक 7 बिटांत आणि उपकरणाचा क्रमांक 5 बिटांत जातो. टीव्हीचा उपकरण क्रमांक 1. रिमोटवरचं पॉवर बटण पाठवतं तो क्रमांक 21, म्हणजे उलट हो. पण 46 म्हणजे फक्त चालू आणि 47 म्हणजे फक्त बंद, असेही क्रमांक आहेत! रिमोटवर त्यांचं बटण नाही, टीव्ही मात्र ते ओळखतो. इतके महिने ज्याच्यासाठी भांडलो ते माझ्याच टीव्हीत होतं. याचा आनंद मी लपवणार नाही, त्या रात्री झोप उशिराच लागली.

आता हा 46 अडॅप्टरला शिकवायचा कसा? ॲपमध्ये क्रमांक टाकायची जागाच नाही. तो फक्त दुसऱ्या रिमोटकडून ऐकून शिकतो. खणात एक जुना अँड्रॉइड फोन पडून होता, ज्याच्या वरच्या कडेला इन्फ्रारेडचा काळा ठिपका आहे. अँड्रॉइडच्या 4.4 आवृत्तीपासून ॲपना हा दिवा वापरता येतो, त्यामुळे क्रमांक देऊन सिग्नल पाठवणारी ॲप मिळतात. स्क्रीनला तडा आहे, बॅटरी तासभरही धरत नाही, पण एवढ्या कामाला पुरला. अडॅप्टर टेबलावर ठेवला, फोन त्याच्यापासून वीतभर अंतरावर आडवा धरला, ॲपमध्ये ‘शिकवा’ दाबलं, अडॅप्टरचा पांढरा दिवा लुकलुकायला लागला आणि मी 46 पाठवला. दिवा थांबला, बटण तयार झालं. टीव्हीवर मात्र काहीच परिणाम नाही. सोनीच्या पद्धतीत एकाच दाबण्यात तोच निरोप 45 मिलिसेकंदांच्या अंतराने निदान तीनदा जातो. माझ्याकडून एकदाच गेला होता आणि एकट्या निरोपाकडे टीव्ही लक्ष देत नव्हता. पुनरावृत्ती तीन करून पुन्हा शिकवलं. टीव्ही लागला. पुन्हा पाठवलं, टीव्ही चालूच राहिला. पाठोपाठ 47 शिकवला.

तेव्हापासून ‘हॉल’ सीन एकदाही उलटा गेलेला नाही. आता मालिका मध्येच जात नाही, आवाज तेवढा मोठ्या स्पीकरवर येतो आणि आई स्वतःच्या फोनवरून सीन दाबते.

सेट-टॉप बॉक्सला असे वेगळे क्रमांक मला सापडले नाहीत. तिथे वेगळी युक्ती चालली. माझा बॉक्स झोपलेला असताना आकड्याचं कुठलंही बटण दाबलं की जागा होतो, आणि आधीच जागा असेल तर फक्त चॅनेल बदलतो. म्हणजे आकडा पाठवला की बॉक्स नक्की चालू. बंद करायचा असेल तर आधी आकडा पाठवायचा, तो पुरता जागा होईपर्यंत थांबायचं आणि मग पॉवर. चालू आहे हे पक्कं असल्यावर ‘उलट हो’चा अर्थ एकच उरतो. यासाठी सीनमधल्या दोन पायऱ्यांमध्ये थांबायची वेळ ठरवता यायला हवी; या ॲपमध्ये ती सोय आहे, तेवढं श्रेय देतो. तुमच्या टीव्हीला चालू-बंदचे वेगळे क्रमांक मिळाले नाहीत, तर त्याच्याही रिमोटवर असं एखादं नुसतंच जागं करणारं बटण आहे का ते आधी तपासा.

स्ट्रीमिंग स्टिकवाल्यांसाठी: अनेक स्टिकचे रिमोट ब्लूटूथवर चालतात, त्यांना हा अडॅप्टर काहीही शिकवता येत नाही. पण टीव्हीत एचडीएमआय-सीईसी (केबलने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू असेल तर टीव्हीच्या रिमोटचे बाण आणि ‘ओके’ एचडीएमआय केबलमधून स्टिकपर्यंत पोचतात. ते टीव्हीचे बाण अडॅप्टरला शिकवा, स्टिक हलते.

जागेबद्दल थोडं. काचेच्या दारामागे ठेवला तरी चालतो, लाकडी दारामागे नाही. दुपारी टीव्हीच्या खालच्या कडेवर थेट ऊन येतं तेव्हा सिग्नल चुकतो. अडॅप्टर समोरच्या भिंतीवरून उचलून टीव्हीजवळच्या कपाटावर आणला आणि चुकायचं थांबलं. उन्हाचा त्रास जुनाच आहे म्हणा. 1955 साली झेनिथने आणलेला फ्लॅश-मॅटिक हा रिमोट टीव्हीच्या कोपऱ्यांतल्या सेन्सरवर प्रकाश टाकून चालायचा आणि ऊन पडलं की टीव्ही आपोआप काहीबाही करायचा. सिग्नल निघतोय की नाही हे बघायचं असेल तर फोनचा पुढचा कॅमेरा अडॅप्टरसमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये जांभळट लुकलुक दिसते.

आता पाचवा तारा का नाही. इंटरनेट गेलं की सगळं ठप्प. फोन घरात, अडॅप्टर घरात, दोन्ही एकाच राउटरवर, तरी आवाज एक पट्टी वाढवायला हुकूम बाहेरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतो. मी शिकवलेले 46 आणि 47 सुद्धा ॲपमधून बाहेर काढून ठेवता येत नाहीत. लॉजिटेकसारख्या मोठ्या कंपनीने एप्रिल 2021 मध्ये हार्मनी हे अनेक उपकरणं एकत्र चालवणारे रिमोट बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, जुन्यांना सेवा देत राहू असं तरी सांगितलं. ही छोटी कंपनी उद्या सर्व्हर बंद करून गेली तर माझ्या हातात फक्त लुकलुकणारा पांढरा दिवा उरेल. म्हणून सगळ्या मूळ रिमोटमध्ये सेल ठेवलेत आणि तो तडकलेला फोनही टाकलेला नाही.

नवीन घेणाऱ्यांनी दुकानदाराला तीनच गोष्टी विचाराव्यात: इंटरनेटशिवाय घरातल्या वायफायवर चालतो का, सीनमध्ये थांबायची वेळ देता येते का, आणि शिकवलेली बटणं बाहेर काढून ठेवता येतात का. ‘हजारो उपकरणांचे कोड तयार’ वगैरे ऐकून भुलू नका. माझ्या टीव्हीच्या तयार यादीतही पॉवर म्हणजे तोच 21 होता. याच कंपनीचं नवीन मॉडेल आलंय, त्यात तापमान दाखवतात. क्रमांक टाकायची जागा त्यातही नाही, त्यामुळे एक्स्चेंजची ऑफर मी नाकारली.