उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी की गिअरमध्ये?

लांब उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकून तिच्या वजनावर सोडून द्यावी, म्हणजे ॲव्हरेज वाढते, असे मी गाडी शिकताना ऐकले होते आणि पुढे बरीच वर्षे तसेच करत आलो. अलीकडे मी उतार गिअरमध्येच उतरतो. दोन्ही सवयी पुरेशा अंगवळणी पडून गेल्या असल्यामुळे, यांपैकी कोणती लावून घ्यावी या विचारात असलेल्या वाचकाला माझा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते. पुढील विवेचन मॅन्युअल गिअरच्या आणि फ्युएल इंजेक्शन असलेल्या, म्हणजे संगणकाच्या हुकमाने इंजिनात इंधन फवारणाऱ्या, गाडीला धरून आहे. उतारावर इंजिनच बंद करण्याचा प्रकार मी तुलनेला घेतलेला नाही, कारण त्यात ब्रेकच्या बूस्टरचा (पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेचा) आणि पॉवर स्टिअरिंगचा आधार सुटतो आणि किल्ली काढली गेल्यास स्टिअरिंगही लॉक होऊ शकते.

आधी इंधनाचे पाहू. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे संगणकाविना हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या, काळात न्यूट्रलच्या सवयीला आधार होता, कारण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गिअरमध्ये फिरणारे इंजिन थोडे पेट्रोल ओढतच असे. इंजेक्शनच्या गाडीत हिशेब उलटतो. गाडी गिअरमध्ये असेल, पाय ॲक्सिलरेटरवर नसेल आणि इंजिनाचे फेरे पुरेसे असतील, तर इंजिनाचा संगणक इंधनाचा पुरवठा पूर्ण थांबवतो आणि चाकेच इंजिनाला फिरवत ठेवतात. फेरे मिनिटाला साधारण १२०० ते १५०० च्या खाली आले की इंजिन बंद पडू नये म्हणून पुरवठा पुन्हा सुरू होतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाला चाकांचा हा आधार नसल्याने त्याला स्वतःच्या बळावर चालू राहावे लागते, आणि लहान पेट्रोल इंजिन त्यासाठी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल घेते. माझ्या गाडीत त्या क्षणाचा इंधनखर्च दाखवणारा आकडा आहे. गिअरमध्ये उतरताना तो शून्यावर जातो आणि न्यूट्रलला टाकताच पुन्हा वर सरकतो, हे मी अनेकदा पडताळून पाहिले आहे.

तरीही न्यूट्रलच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. उतार अगदी सौम्य असेल आणि पुढचा रस्ता लांबवर मोकळा दिसत असेल, तर गिअरमधली गाडी इंजिनाच्या ओढीमुळे लवकर मंदावते व पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, तर न्यूट्रलमधली गाडी बरीच पुढपर्यंत वाहत जाते. अशा रस्त्यावर न्यूट्रलने थोडे इंधन वाचत असेलही. मला टाकीच्या हिशेबात हा फरक कधी जाणवला नाही. सवय बदलल्यानंतरही दोन भरण्यांमधले अंतर जवळपास तेवढेच राहिले. अशा जागी मी वरचा गिअर ठेवून ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावतो आणि तेवढ्यावर समाधान मानतो.

तीव्र उतारावर प्रश्न इंधनापेक्षा ब्रेकचा होतो. १२०० किलोंची गाडी ३०० मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा सुमारे ३५ लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत साधारण १० लिटर पाणी उकळीला येईल. काही भाग हवेच्या आणि टायरच्या विरोधात जातो, पण न्यूट्रलमध्ये उरलेला सगळा भार ब्रेकवरच पडतो. पॅड अति तापले की त्यांची पकड कमी होते, आणि ब्रेक ऑइल जुने असेल तर त्याने शोषलेल्या ओलाव्यामुळे ते लवकर उकळून पेडल खोल जाऊ लागते. एका लांब उतारानंतर थांबलो असता चाकांपाशी जळका वास आला होता, तो मला आजही आठवतो. गिअरमध्ये हीच ऊर्जा इंजिन बऱ्याच अंशी शोषून घेते आणि ब्रेक केवळ वळणाआधी, थोडाच वेळ लावावा लागतो.

माझा निर्णय मात्र ब्रेकच्या वासाने झाला नाही, रोजच्या एका कटकटीने झाला. माझ्या नेहमीच्या वाटेवर उताराच्या मध्यावर एक वळण आहे, आणि ते संपता संपता रस्ता पुन्हा किंचित चढतो. न्यूट्रलमध्ये वळणापर्यंत आलो की दर वेळी एकच प्रश्न उभा राहायचा: आता कोणता गिअर? ब्रेक लावल्यामुळे वेग कधी ६० असे, कधी ३५. इंजिन तर आपल्या आठशे-नऊशे फेऱ्यांवर निवांत. अंदाज चुकून खालचा गिअर पडला तर गाडीला हिसका बसे, वरचा पडला तर ती गुदमरे. एकदा समोरून येणाऱ्या वाहनाला वाट देऊन झटकन पुढे निघणे आवश्यक होते. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिन नुसते गर्जले, गाडी पुढे सरकलीच नाही. ती चूक माझीच होती आणि अनर्थही घडला नाही, पण ज्या क्षणी लक्ष पूर्णपणे रस्त्यावर हवे, नेमक्या त्याच क्षणी ते गिअरच्या दांड्याकडे जाते, हे त्यानंतर मला सहन होईना. गिअरमध्ये असताना गाडी पायाच्या हाकेत राहते: पाय उचलला की धरते, दाबला की निघते.

गिअर कोणता ठेवावा, याचे उत्तर उताराच्या माथ्यावरच ठरवावे; वेग वाढल्यावर खाली आणू पाहणे अवघड जाते. हा उतार चढायचा असता तर जो गिअर लावला असता, तोच उतरताना धरावा, हा जुना ठोकताळा मला अजूनही बहुतेक ठिकाणी लागू पडतो, क्वचित एक गिअर वरचा चालतो. निवड बरोबर आहे की नाही, हे ब्रेकवरून कळते: दोन वळणांच्या मधल्या सरळ टप्प्यातही पाय सतत ब्रेकवर राहत असेल, तर आणखी एक गिअर खाली हवा. ऑटोमॅटिक गाडीतही दांडा डी (ड्राइव्ह) वर न ठेवता खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असेल, तर तीच उतारावर वापरावी.