आतून काळा, बाहेरून चुना

सातवीच्या वर्गात अपूर्णांकांची बेरीज चालली होती. पहिल्या बाकावरच्या पोराने मधेच विचारलं, "सर, तुमचा दात मेलाय का?" वर्ग हसला, मीही हसलो आणि हसता हसता हात तोंडावर गेला. पोराचं निदान अगदी बरोबर होतं. कॉलेजात कबड्डी खेळताना वरच्या पुढच्या दातावर कोपर बसलं होतं. पुढे दोन वर्षांनी हिरडीला फोड आला आणि रूट कॅनाल करावं लागलं. त्यानंतर तो दात आधी पिवळट, मग राखाडी होत गेला. मला सवय झाली होती, पण पोरांना नव्हती.

त्याच आठवड्यात मोबाइलवर जाहिरात दिसली: 'लेझर व्हाइटनिंग, एका तासात'. क्लिनिकचं नाव सांगत नाही. काचेचं दार, कॉफीचं मशिन, काळा कोट घातलेली हसतमुख मुलगी. खुर्चीत बसवायच्या आधी तिने पॅकेज सांगितलं: बावीस हजार, पण आजच बुक केलं तर साडेचौदा. डॉक्टर आले, तोंडात आरसा फिरवला, "होऊन जाईल" म्हणाले आणि गेले. मोजून चार मिनिटं. एक्स-रे नाही, आणि रूट कॅनाल कधी, कशामुळे झालं, याची चौकशीही नाही. मी आपणहून सांगितलं, तर मुलगी म्हणाली, "हो सर, आमच्याकडे असे खूप पेशंट येतात."

हिरड्यांवर निळसर लेप, दातांवर जेल आणि समोर निळा दिवा. पंधरा-पंधरा मिनिटं तीनदा. तो लेझर नव्हता, साधा एलईडी होता, हे नंतर कळलं. काम जेलमधलं पेरॉक्साइड करतं, दिव्याने त्यात फारशी भर पडत नाही. तास संपल्यावर दातांच्या रंगांची पट्टी ओठाशी धरून तिने जाहीर केलं, "ए३ वरून ए१! सात शेड उजळले सर!" आरशात सगळं चमकत होतं. मी कार्ड पुढे केलं.

घरी आल्यावर तिने पाठवलेले दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. गणिताच्या मास्तरला हे आधीच दिसायला हवं होतं. 'आधी'च्या फोटोत पट्टी सुळ्याशी धरली होती, 'नंतर'च्या फोटोत पुढच्या दाताशी. सुळा मुळातच शेजारच्या दातांपेक्षा पिवळा असतो, त्यामुळे निम्म्या पायऱ्या तिथेच चढून झाल्या. काळ्या दाताशी पट्टी एकाही फोटोत नव्हती. शिवाय तासभर तोंड उघडं ठेवलं की दात कोरडे पडतात आणि कोरडा दात पांढरा दिसतो. दोन-तीन दिवसांत लाळेने ते ओले झाले, की खरा रंग परत येतो. तसंच झालं. उरला तो फरक असा: शेजारचे दात खरोखर थोडे उजळले आणि मधला होता तसाच राहिला. बायको म्हणाली, "अहो, आता तर तो जास्तच उठून दिसतोय."

परत गेलो. आता सूर बदलला होता. "हा दात रेझिस्टंट आहे सर. कॅप लागेल. पण एकट्या कॅपचा रंग जुळणार नाही, सहा व्हिनियर करू." म्हणजे दातांवर पुढून चिकटवायच्या पातळ चकत्या. बहात्तर हजार, बिनव्याजी हप्त्यांवर. पॅन कार्ड मागितलं. खरं सांगतो, मी खिशात हात घातला होता. पॅन घरी राहिलं होतं, म्हणून वाचलो.

मामेबहिणीची मुलगी बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला फोन केला.

"मामा, एक्स-रे काढला का त्यांनी?"

"नाही."

"मग पाहिलं काय? दात आतून काळा झालाय. बाहेरून कितीही घासा."

तिने सांगितलं ते मला एका दमात समजलं. मार लागल्यावर दाताच्या आत रक्त उतरतं आणि सूक्ष्म नळ्यांत मुरतं. रूट कॅनाल करताना वरच्या कोपऱ्यांतला मेलेला गर नीट निघाला नाही, किंवा दाताच्या मुळाशी भरायचा मसाला दाताच्या दिसणाऱ्या भागातच राहिला, तरी दात तो रंग धरतो. तिच्या सांगण्यावरून रूट कॅनालच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा एक्स-रे काढला. मसाला हिरडीच्या रेषेबाहेर, दाताच्या दिसणाऱ्या भागात बराच आलेला होता.

उपचार दातामागच्या जुन्या भोकातूनच झाला. मसाला हिरडीच्या रेषेच्या आत, मुळाच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरपर्यंत काढला, त्यावर सिमेंटचा थर दिला. मग सोडियम परबोरेट ही रंग उडवणारी पावडर पाण्यात कालवून, ओल्या वाळूसारखं, आत भरलं आणि तात्पुरतं बुजवून घरी पाठवलं. आठवड्याने पुन्हा. तीन खेपांत राखाडी रंग गेला, हिरडीजवळ जरासा पिवळेपणा आहे. लगेच कायमचं भरलं नाही. दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, नीट चिकटत नाही, म्हणून दोन आठवडे थांबवलं. सगळे मिळून साडेचार हजार.

त्यांनी दोन गोष्टी आपणहून सांगितल्या. एक, काही वर्षांनी दात पुन्हा काळवंडू शकतो. दोन, क्वचित हिरडीजवळ दाताचं मूळ बाहेरून झिजायला लागतं. तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड भरून वर उष्णता देण्याची जुनी पद्धत होती, तिच्यात हा धोका जास्त. म्हणून मधूनमधून एक्स-रे काढायचा. दात फार मोडला असेल तर कॅप लागते, हेही म्हणाले. पण माझा शाबूत होता. कॅपसाठी तो चारी बाजूंनी तासला असता, तर तासलेलं परत येत नाही. आणि सहा व्हिनियरांसाठी पाच धडधाकट दात खरवडले गेले असते.

पैशांचं म्हणाल तर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. क्लिनिकने 'मटेरिअलचा खर्च' वजा करून सहा हजार परत केले. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. कागद जमवतोय. त्यांच्याकडे माझ्या सहीचा फॉर्म आहे, 'परिणाम व्यक्तीनुसार बदलतो' असं छापलेला. सही करताना मी तो वाचला नव्हता. पोरांना प्रश्न नीट वाचा म्हणून सांगणारा मी!

त्याच फॉर्मच्या तळाशी फोटो वापरायची परवानगीही होती. मागच्या रविवारी बायकोने मोबाइल पुढे केला. त्यांच्या जाहिरातीत 'आधी' आणि 'नंतर', उजवीकडचे चार दात, फोटो बरोबर काळ्या दाताच्या अलीकडे कापलेला. ओठावरच्या तिळावरून तिने ओळखलं.