आधी हुकूमनामा, मग तर्री पोहे: धंतोलीतलं एक पुनर्विवाह केंद्र

पुनर्विवाहासाठी नाव नोंदवायला गेलं की बहुतेक वधू-वर सूचक केंद्रांत तोच जुना फॉर्म हाती येतो. पोटजात, नाडी, उंची, वर्ण आणि तळाशी ‘घटस्फोटित / विधवा / विधुर’ अशा तीन चौकटी. नागपूरच्या धंतोलीतलं हे छोटं केंद्र मात्र फक्त पुनर्विवाहाचं काम करतं आणि इथल्या फॉर्मचं पहिलं पान कागदपत्रांचं आहे. एवढ्या एका गोष्टीसाठीही त्याची शिफारस करावी.

जोडीदार गेला असेल तर मृत्यूचा दाखला. घटस्फोट असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत. झेरॉक्स चालत नाही. हिंदू विवाह कायद्यात अपिलाची मुदत ९० दिवस आहे आणि ती संपेपर्यंत दुसरं लग्न करता येत नाही, म्हणून तोवर स्थळं दाखवतच नाहीत. परस्पर संमतीच्या हुकुमावर कौटुंबिक न्यायालय कायद्याप्रमाणे अपील नाही, तिथं थांबवत नाहीत. हुकूमनामा एकतर्फी, म्हणजे समोरचा हजर नसताना झालेला, असला तर समोरच्याला समन्स नीट बजावलं होतं का, हे खोदून विचारतात. बजावलेलं नसेल तर तो पुढे रद्द होऊ शकतो, आणि मधल्या काळात लग्न उरकलेलं असलं की दोन्ही घरं अडकतात.

स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेली सोडचिठ्ठी घेऊन लोक आजही येतात. त्यांना इथून सरळ वकिलाकडे पाठवतात, आणि ते योग्यच आहे. समाजातली तशी रूढी न्यायालयात सिद्ध झाली तरच त्या कागदाला अर्थ. एरवी पहिलं लग्न कायम, दुसरं बेकायदा आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत.

दुसरं पान मुलांचं. वय, शाळा, ताबा कुणाकडे, न्यायालयानं ठरवलेले भेटीचे दिवस, फी कोण भरणार. सावत्र वडिलांच्या मिळकतीत मुलाला आपोआप वारसा मिळत नाही, त्यासाठी दत्तकविधान किंवा मृत्युपत्र लागतं, हे दुसऱ्या भेटीतच दोघांना समोर बसवून सांगतात. ऐकताना रुक्ष वाटेल. पण एकदा पोळलेल्या बाईला पुन्हा कुणावर विश्वास टाकायचा असतो तेव्हा आपल्या लेकराचं काय, हाच प्रश्न तिच्या घशाशी अडकलेला असतो. तो तिच्या आधी दुसऱ्या कुणीतरी काढला की तिला मोकळेपणानं बोलता येतं.

भेटींची व्यवस्था कच्ची आहे. मधे प्लायवूडचं पार्टिशन, पलीकडच्या घरचं बोलणं सगळं ऐकू येतं, आणि वीस मिनिटांत उठवतात. पुढची भेट बाहेर घ्यावी. रविवारी संध्याकाळी अंबाझरी किंवा ट्रॅफिक पार्क नको, हमखास ओळखीचं कुणी भेटतं. मे महिन्यात तर ऊन उतरेपर्यंत बसवतही नाही. कामाच्या दिवशी सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर भेटणं बरं. हातात प्लेट असली की अवघडलेपण लवकर सरतं.

खरी तक्रार वेगळीच आहे. पंचेचाळिशीच्या माणसाचं स्थळ असलं तरी केंद्र घरच्या वडीलधाऱ्यांचा नंबर मागतं आणि समोरच्यांना देऊनही टाकतं. मग दोघांचं नीट जुळायच्या आतच फोन सुरू होतात, ‘लोकं काय म्हणून राहिले’ सुरू होतं आणि चांगलं स्थळ हातचं जातं. नोंदणीच्या वेळीच फक्त स्वतःचा नंबर लिहावा आणि तोच द्यायचा, असं बजावून सांगावं.

वर्षाची फी ३,००० रुपये, पावती मिळते, लग्न ठरल्यावर वेगळे पैसे मागत नाहीत.

नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं असेल तर विशेष विवाह कायद्याखालची नोटीसही इथंच भरून देतात. दोघांपैकी एकाचं नागपूर जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं, नोटिशीनंतर पुन्हा ३० दिवस थांबायचं, ३ साक्षीदार न्यायचे आणि नोटिशीपासून ३ महिन्यांत लग्न उरकायचं, नाहीतर नोटीस नव्यानं. हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती सुरुवातीलाच दोन काढाव्यात. एक केंद्रात लागते, दुसरी विवाह अधिकाऱ्याकडे.