तेलाचा पैसा शोधताना: टेक्सास एथिक्स कमिशनची वेबसाइट

टेक्सासमधले तेलवाले राज्यपातळीवरच्या कोणत्या पुढाऱ्याला किती पैसे देतात, हे पाहायचं तर टेक्सास एथिक्स कमिशनच्या, म्हणजे उमेदवार आणि समित्या जिथे देणग्यांचे अहवाल भरतात त्या सरकारी संस्थेच्या, वेबसाइटवर जावं लागतं. फुकट आहे, लॉगिनची कटकट नाही. पण नुसतं देणगीदाराचं नाव टाकून बेरीज केली, तर हिशेब हमखास चुकतो.

२०२३ मधलीच गोष्ट घ्या. ‘डिफेंड टेक्सास लिबर्टी’ या पॅककडून, म्हणजे राजकीय समितीकडून, लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक यांना ३० लाख डॉलर मिळाले. राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांच्यावरचा महाभियोग टेक्सासच्या सिनेटमध्ये पॅट्रिक यांच्याच अध्यक्षतेखाली चालायचा होता, त्यामुळे पॅट्रिक यांचा जुलैचा अहवाल आल्यावर गहजब झाला. देणग्यांच्या यादीत, शेड्यूल ए१ मध्ये, यातले फक्त १० लाख सापडतात. उरलेले २० लाख कर्जाऊ, म्हणून ते शेड्यूल ई मध्ये. सगळा डेटा उतरवून घेतलात तरी कर्जांची फाइल वेगळीच असते. तीही उघडा.

बरं, त्या अहवालात नाव पॅकचं. मागचे टिम डन आणि फॅरिस विल्क्स, पश्चिम टेक्सासचे तेलातले अब्जाधीश, दिसायला हवेत तर पॅकचे अहवाल स्वतंत्र काढायचे. कंपनीच्या नावाने शोधण्यात फारसा अर्थ नाही. कंपनीला उमेदवाराला थेट देणगी देता येत नाही. तिचं पॅक देतं, नाहीतर मालक स्वतःच्या नावाने देतो. आणि न्यायाधीशांच्या निवडणुका सोडल्या तर व्यक्तीच्या देणगीला टेक्सासात मर्यादाच नाही!

नावं अहवालात भरली तशीच चढतात. एकच माणूस मधल्या अक्षरासह, अक्षराविना, ‘ज्युनिअर’ लावून असा तीनदा भेटतो, म्हणून आडनाव आणि शहर धरून शोधा. दुरुस्त अहवाल आला तरी जुन्या नोंदी डेटात राहतातच, फक्त त्यांना ‘इन्फो ओन्ली’ची खूण लागते. त्या ओळी गाळल्या नाहीत तर रक्कम दुप्पट होते.

रेलरोड कमिशनचे तीन कमिशनरही जरूर तपासा. नावावर जाऊ नका: २००५ पासून रेल्वेशी त्यांचा संबंध उरलेला नाही, ते तेल आणि गॅसवर देखरेख करतात आणि राज्यभरातून निवडून येतात.

ह्यूस्टन-डॅलसच्या मराठी मतदारांना शहराच्या किंवा शाळा मंडळाच्या उमेदवारांचे हिशेब मात्र इथे मिळणार नाहीत. ते त्या-त्या स्थानिक कार्यालयात.