भेटीच्या ब्लँकेटसाठी जाड शेनील लोकर

सणाला भेट द्यायचे ब्लँकेट थोड्या दिवसांत विणून संपवायचे असेल, तर 'सुपर बल्की' म्हणजे ६ क्रमांकाच्या जाडीची पॉलिएस्टर शेनील (मखमलीसारखी मऊ, केसाळ) लोकर मला सर्वांत उपयुक्त वाटते. ९ ते १५ मिलिमीटरच्या क्रोशाच्या सुईवर तिचे काम भराभर वाढते, आणि तिच्या मखमली तंतूंमध्ये हवा अडकून राहत असल्यामुळे वीण साधी असूनही ब्लँकेट छान उबदार होते. मात्र याच तंतूंमुळे टाके डोळ्यांना नीट दिसत नाहीत. ते बोटांनी चाचपूनच ओळखावे लागतात, म्हणून नवशिक्यांनी नक्षीच्या मोहात न पडता साखळीवर अर्ध्या खांबांच्या (क्रोशाचा एक साधा टाका) सरळ ओळी घालाव्यात. वीण वारंवार उसवल्यास तंतू झडतात, हा तिचा खरा दोष आहे. धाग्याची टोके निसरडी असल्याने ती लांब ठेवून विणीत उलटसुलट ओवावीत. सगळे गुंडे एकाच रंगतुकडीचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, घ्यावेत, अन्यथा छटेतला फरक मोठ्या ब्लँकेटवर लगेच दिसतो. पॉलिएस्टर उष्णतेने वितळते, म्हणून इस्त्री करू नये, ही सूचना भेटीसोबत चिठ्ठीवर जरूर लिहून द्यावी.