जांबोटीची पाणंद, चोर्ल्याचा घाट आणि चारी चाकं फिरवणारी छोटी गाडी

मिरग लागला की आमच्या आतेभावाचा फोन ठरलेला. "फोर बाय फोर घ्यायची म्हणतोय. थार की जिम्नी, एवढंच सांग." तो राहतो जांबोटीच्या पुढे आणि कामाला येतो बेळगावात उद्यमबागला. रोजचे जाऊन-येऊन सत्तरएक किलोमीटर, त्यातले शेवटचे दीड किलोमीटर पाणंदीचे. मी टिळकवाडीत राहतो. माझ्याकडे साधी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. एका जुलैत ती त्याच्याच पाणंदीत पोटावर बसली आणि ट्रॅक्टर लावून काढावी लागली. तेव्हापासून त्याला वाटतं की या विषयात मला कळतं.

मी त्याला म्हटलं, थार की जिम्नी हा प्रश्न नंतरचा. आधी हे ठरव की तुला चारी चाकांची ओढ कुठं पाहिजे, डांबरावर की चिखलात? दोन्हीकडं लागते, खरं दोन्हीकडची यंत्रणा वेगळी असते. शोरूममध्ये ही गोष्ट कुणी उलगडून सांगत नाही.

महिंद्राची थार आणि मारुतीची जिम्नी या जुन्या पद्धतीच्या फोर बाय फोर, म्हणजे हवं तेव्हा चारी चाकांना ओढ देणाऱ्या गाड्या. रोजच्या रस्त्यावर त्या टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर पळतात. चिखल आला की गिअरच्या शेजारचा दुसरा दांडा ओढून फोर-एच, म्हणजे चारी चाकांची ओढ, लावायचं आणि फारच अडलं तर फोर-एल, म्हणजे तीच ओढ अगदी हळू पण जास्त जोरानं. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारी यंत्रणा, नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात तो फरक चाक घसरून निघून जातो, घट्ट डांबरावर मात्र जात नाही. मग सगळा ताण शाफ्टवर येतो, गाडी वळताना आवळल्यासारखी होते, टायर खरवडतात. म्हणूनच कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-एच लावू नका असं कंपन्याच सांगतात.

आता चोर्ल्याचा घाट डोळ्यांसमोर आणा. कणकुंबी सोडली की धुकं, रस्त्यावर पाण्याचा पातळ थर, मध्येच लाल मातीचा ओघळ, पुढच्या वळणाला पुन्हा स्वच्छ डांबर. प्रत्येक वळणाला दांडा ओढत कोण बसणार? माझ्या माहितीतले सगळे थारवाले हा घाट टू-एचमध्येच उतरतात. म्हणजे सतरा लाखांची फोर बाय फोर ऐन पावसात, ऐन घाटात मागच्या दोन चाकांवर चाललेली असते. ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, सांभाळून घेतं हे खरं, तरी मागून हलकी असलेली गाडी ओल्या वळणावर जास्त रेस दिली की शेपूट हलवतेच.

याउलट मारुतीची ग्रँड विटारा ऑलग्रिप आणि टोयोटाची हायरायडर एडब्ल्यूडी, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्हच्या गाड्या. यांच्यात पुढची चाकं कायम ओढतात आणि मागच्या अ‍ॅक्सलपाशी एक कपलिंग, म्हणजे मागची ओढ जोडणारा-तोडणारा भाग, असतं. पुढचं चाक घसरतंय असं दिसलं की संगणक स्वतःच मागं ताकद पाठवतो. ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक असे चार मोड आहेत. ऑटोवर ठेवून विसरून जायचं. आपल्याकडं स्नो कुठला, असं हसून लोक त्या बटणाला हात लावत नाहीत. पण निसरड्या लाल चिखलातून हळू निघायला तोच मोड कामाचा, कारण त्यात रेस सौम्य होते आणि चाक उगीच गरगरत नाही.

तेव्हा ज्याचा दिवस डांबरावर जातो, पण आठवड्याला चोर्ला, आंबोली किंवा लोंढ्याकडून अनमोड होतो, त्याला खरी ऑल-व्हील ड्राइव्ह या दुसऱ्या जातीत मिळते. रांगडी दिसणारी गाडी इथं मागं पडते. हे आतेभावाला सांगितलं तेव्हा तो अर्धा मिनिट गप्पच बसला.

या दुसऱ्या जातीची दुखणी मात्र लपवण्यासारखी नाहीत. इंजिन दीड लिटरचं पेट्रोल, ताकद १०३ पीएस आणि खेच (टॉर्क) १३७ न्यूटन-मीटर. सपाटीला पुरतं. पाच माणसं, मागं सामान आणि समोर घाट असला की दम लागतो. २०२५ पासून ऑलग्रिप फक्त सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये येते, आधीचा मॅन्युअल गिअर बंद झाला. चढाला गाडी खालच्या गिअरमध्ये जाऊन ओरडते आणि वेग मात्र मनासारखा येत नाही. शिवाय ही ओढ वरच्या महागड्या व्हेरियंटमध्येच मिळते. हायब्रिड पाहिजे म्हणाल तर तीही मिळते, कागदावर २७.९७ किलोमीटरचं मायलेज आहे, पण ती फक्त पुढच्या चाकांवर चालते. सीएनजीचंही तसंच. चारी चाकं पाहिजेत तर साधं पेट्रोल भरा, दुसरा मार्ग नाही. कागदी मायलेज १९.२०, आणि घाटात ते कागदावरच राहतं.

विटारा घ्यावी की हायरायडर, यात मात्र डोकं शिणवू नका. दोन्ही गाड्या टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यातून निघतात. इंजिन तेच, कपलिंग तेच, फरक तोंडाचा. तुमच्या घरापासून कुणाचं वर्कशॉप जवळ आणि कोण लवकर गाडी देतंय एवढंच बघा. मारुतीची व्हिक्टोरिसही आता याच यंत्रणेसह येते, इंजिन तेच दीड लिटरचं, त्यामुळं घाटातला दमही तेवढाच.

आता पाणंद. शेतात जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको की चाक घसरणं ही तिथली अर्धीच अडचण. उरलेली अर्धी म्हणजे चाकोऱ्या. ट्रॅक्टरनं दोन्ही बाजूला खोल चर पाडलेले असतात, मधला उंचवटा तसाच राहतो आणि गाडी त्यावर पोट टेकते. एकदा पोट टेकलं की चाकं दोन फिरोत नाहीतर चार, गाडी जागची हलत नाही. माझी गाडी तशीच बसली होती. विटाराची आणि जिम्नीची जमिनीपासूनची उंची कागदावर सारखीच, २१० मिलिमीटर, आणि थारची २२६. पण आकडा रिकाम्या गाडीचा असतो. चार माणसं आणि मागं दोन पोती तांदूळ टाकले की तो खाली येतो. शिवाय विटाराचं नाक लांब आणि खाली, चरातून वर येताना आधी बंपर घासतो. जिम्नीची चाकं अगदी टोकाला आहेत, त्यामुळं ती चरात उतरते आणि निघतेही.

इथं फोर-एलची किंमत कळते. त्यात गाडी माणसाच्या चालीनं, रेस न देता, इंजिनच्या ताकदीवर चढते आणि उतरते. विटाराच्या कपलिंगला असं काम तासभर लावलं तर ते तापतं, आणि तापलं की संगणक मागची ओढ बंद करून गाडी पुन्हा पुढच्या चाकांवर आणतो. नेमक्या चिखलाच्या मधोमध. अधूनमधूनच्या निसरडीला ती यंत्रणा उत्तम, रोजच्या राड्याला नाही.

जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या वाचकांनी मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीकडची काळी माती म्हणजे खानापूरचा लाल चिखल नव्हे. लाल मातीत खाली मुरूम लागतो, चाकाला कुठंतरी पकड मिळते. काळी माती टायरच्या खाचांत भरते, मडगार्डात गच्च बसते आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो. रस्त्याच्या टायरवर तिथं थारही चारी चाकं जागेवरच फिरवते. त्यापेक्षा टायर बदलण्याला पैसे घाला, किंवा सरळ गाडी डांबरावर ठेवून चालत जा. माझ्या सासुरवाडीला आम्ही तेच करतो.

थारबद्दल थोडं सावध राहा. गावात थार म्हटलं की फोर बाय फोर असं सगळे धरून चालतात. पण जानेवारी २०२३ पासून थार मागच्या दोन चाकांवरचीही मिळते आणि रस्त्यावर तशाच पुष्कळ दिसतात. त्यातली डिझेलची दीड लिटरची आणि चार मीटरच्या आत, म्हणून सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटी १८ टक्के. खऱ्या फोर बाय फोर थारवर आणि दीड लिटर पेट्रोलच्या जिम्नीवरही ४० टक्के. किंमत बघून हुरळून सही करण्याआधी गिअरजवळ दुसरा दांडा आहे का ते बघा. पाच दारांच्या थार रॉक्समध्येही फोर बाय फोर फक्त डिझेलला आहे, पेट्रोलला नाही.

थारचं डिझेल मात्र घाटाचा राजा. ३०० न्यूटन-मीटर, भरलेली गाडी चढाला हूं की चूं करत नाही. पण तीन दारांची थार रोजची आणि घरची गाडी म्हणून घेणाऱ्यानं आधी आपल्या आईला मागच्या सीटवर चढवून बघावं. पुढची सीट वाकवायची, पाय उंच टाकायचा, वाकून आत शिरायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे रोज जमणार नाही. आमच्या आत्यानं शोरूममध्येच हात जोडले.

जिम्नीला पाच दारं आहेत, पण माणसं चारच. सीट उभ्या असताना डिकी २०८ लिटरची, म्हणजे गणपतीला दोन बॅगा आणि एक मोदकांचा डबा. इंजिन १०५ पीएसचं, विटाराइतकंच दमाचं, पण गाडी हलकी असल्यानं कमी जाणवतं. कागदी मायलेज मॅन्युअलला १६.९४. ऑटोमॅटिकला चारच गिअर आहेत आणि ते जुन्या काळातले वाटतात, तेव्हा मॅन्युअलच बरी. पुणे-बेंगळूरु रस्त्यावर, म्हणजे आपल्या पीबी रोडवर, शंभरच्या पुढं ती वाऱ्याबरोबर हलते आणि गोंगाट करते. निपाणीहून रोज कोल्हापूरला जाणाऱ्यानं ती घेऊ नये.

शहरातला एक अनुभव मात्र उलटा आला. जिम्नी छोटी, ३९८५ मिलिमीटर, म्हणून खडेबाजारात, गणपत गल्लीत ती सोपी पडेल असं मला वाटायचं. विटारा ४३४५. प्रत्यक्षात विटारा ५.४ मीटरच्या त्रिज्येत वळते आणि जिम्नीला ५.७ लागतात. पार्किंगला जिम्नी सोपी, यू-टर्नला विटारा.

पैशाचं बोलल्याशिवाय आपल्या भागात गाडीची गोष्ट पुरी होत नाही. कर्नाटकात दहा ते वीस लाखांच्या गाडीला आजीवन रोड टॅक्स १७ टक्के, वर त्या टॅक्सवर सेस. महाराष्ट्रात तेवढ्याच किमतीच्या पेट्रोल गाडीला १२, डिझेलला १४. तेरा लाखांची जिम्नी धरली तर इथं दोन लाख एकवीस हजार आणि सेस, तिकडं एक लाख छप्पन्न हजार. डिझेल थारला हा फरक कमी होतो, कारण कर्नाटक पेट्रोल-डिझेल असा भेद करत नाही. मग चंदगडच्या नाहीतर गडहिंग्लजच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर गाडी घ्यायचा सल्ला घरोघरी मिळतो. तो ऐकू नका. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की कायद्यानं इथला नंबर घ्यावा लागतो, म्हणजे इथला टॅक्स भरा आणि तिकडचा परत मिळवायला हेलपाटे घाला. शिवाय सीमाप्रश्न तापला की नंबरप्लेट बघूनच रस्ता ठरवावा लागतो, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. बेळगावची के.ए. २२ तिकडं अडचणीची, कोल्हापूरची एम.एच. ०९ इकडं.

जुनी घ्यायची तयारी असेल तर डिझेल डस्टर एडब्ल्यूडी शोधा. २०१४ मध्ये आलेली, ११० पीएसची. घाटात आणि पाणंदीत दोन्हीकडं चालणारी अशी दुसरी गाडी मी पाहिली नाही. २०२० मध्ये डिझेल इंजिनच बंद झालं, तेव्हा सुटे भाग कुठून मिळणार ते आधी मेकॅनिकला विचारा आणि मगच पैसे द्या. जीप कंपासचं फोर बाय फोर डिझेलही सुरेख आहे, १७० पीएस आणि नऊ गिअर, पण वीस लाखांच्या वर गेलं की टॅक्स १८ टक्के. ज्याला परवडतं त्याला माझ्या सल्ल्याची गरज नाही.

कुठलीही घ्या, चारी टायर एकाच वेळी बदलायची तयारी ठेवा. कपलिंगवाल्या गाडीत दोन नवे आणि दोन झिजलेले टायर असले की चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरतात आणि यंत्रणेला सतत घसरल्याचा भास होतो. आणि ब्रेक लावताना चारी चाकांच्या ओढीचा काडीचा उपयोग नसतो. साध्या गाडीलाही चारी चाकांना ब्रेक असतातच. दूधगंगा-वेदगंगेच्या पुलावर पाणी आलं की थार असो नाहीतर विटारा, थांबायचं. थारची ६५० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता कंपनी सांगते ती साचलेल्या पाण्याची. वाहतं पाणी गाडी उचलून नेतं, त्याला चाकं किती फिरतायत याच्याशी देणंघेणं नसतं.

आतेभावानं शेवटी मॅन्युअल जिम्नी बुक केली. दीड किलोमीटरची पाणंद त्याला रोज आहे, घाट महिन्यातून एकदा. टेस्ट ड्राइव्हला त्यानं सेल्समनला थेट जांबोटीला न्यायचा हट्ट धरला. पोरगा बिचारा पॉलिश केलेल्या बुटात आला होता. पाणंदीच्या तोंडाशी गाडी थांबवून म्हणाला, "अण्णा, इथनं पुढं तुम्हीच चालवा की."

मी अजून टिळकवाडीतच आहे आणि माझी पुढच्या चाकांची गाडी चालू आहे. नवीन घ्यायची वेळ आली तर हायरायडर घेईन, आणि त्याच्या घरी जाताना पाणंदीच्या तोंडाशी लावून त्याला फोन करीन.