वरून मुरूम, खाली नाला

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर प्लॉट दाखवायची घाई उगीच नसते. वैशाखात जळगाव-धुळ्याकडचे लहान नाले कोरडेठाक असतात. त्यात भराव टाकायचा, वर अर्धा फूट मुरूम पसरून रोलर फिरवायचा, फक्कीच्या रेघा मारून खुंट्या ठोकायच्या, की झाला ‘सपाट प्लॉट’. घेणारा मुहूर्तावर इसार देऊन मोकळा होतो. पाऊस लागला की पाणी जुन्या वाटेनं थेट जोत्याशी.

इसाराआधी रस्त्याखालची मोरी शोधा. मोरीचं तोंड प्लॉटकडे आहे आणि पुढे नालाच दिसत नाही, तर तो तुमच्या पायाखाली आहे. कडेला बेशरमाची झुडपं, बाभळीच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा, शेजारच्या कुंपणावर गाळाची रेघ, हेही बघा. गावनकाशा आणि मूळ गटाचा जुना सातबारा काढा. पोटखराब ‘ब’ (सार्वजनिक वापराची, लागवडीबाहेरची जमीन) खाली क्षेत्र असेल तर ते रस्त्याचं की नाल्याचं, हे विचारा. तापी, गिरणा, पांझरेच्या काठी असाल तर पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी येतं ती हद्दही तपासा. त्यातल्या निळ्या, म्हणजे नदीजवळच्या, रेषेच्या आत घर बांधायचा विषयच नाही.

मग जेसीबीनं ५-६ फूट खड्डा घ्या. मूळ जमिनीत थर सलग दिसतात: काळी माती, मग पिवळसर चुनखडीची माती किंवा मुरूम. भरावात विटांचे तुकडे, प्लास्टिक, राख आणि ढेकळं कशीही मिसळलेली. ‘खड्ड्यानं प्लॉट खराब होतो’ असं विकणारा म्हणाला तर काय ते समजा. सैल भराव कुठे जास्त, कुठे कमी असा बसत जातो. भिंतीला तिरप्या भेगा त्यानंच पडतात. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो, किंवा इंजिनिअरला विचारून पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर नेलेले खांब.

उतार डोळ्यानं मोजू नका. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हलची नळी घ्या, आत बुडबुडा राहू देऊ नका, आणि रस्त्याच्या मध्यापासून चारही कोपऱ्यांचं माप घ्या. ३०×५० फुटांचा प्लॉट रस्त्यापेक्षा सरासरी ३ फूट खाली निघाला तर ४५०० घनफूट, म्हणजे ४५ ब्रास (१ ब्रास = १०० घनफूट). दबाई धरून ५०-५५ ब्रास मुरूम. शिवाय मागची संरक्षक भिंत. एवढा खर्च भावातून कमी करा म्हटलं, की विकणाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक आठवतं.